पोळ्याला टाकी, दिवाळीला मासे: विदर्भाच्या उन्हात छोटे रेनबो कसे पाळावेत

माझं यवतमाळ जिल्ह्यात एक छोटं कृषी केंद्र आहे. माशांची टाकी मात्र दुकानात नाही, घरी बैठकीच्या खोलीत आहे. का, ते पुढे येईलच. एकदा उधारीचा हिशेब करायला आलेले एक शेतकरी टाकीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, हे मासोयी खाच्या कामाची हाये का?" मी नाही म्हटलं. "मंग पोसता कायले?" याचं नीट उत्तर मला अजूनही देता येत नाही. ते स्वतः मात्र चहा गार होईस्तोवर तिथेच बसून होते.

टाकीत आहेत ते छोटे रेनबो. हे मासे नाजूक आहेत असं पुष्कळ लोक सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. मासा चिवट असतो, आपला मे महिनाच त्याहून चिवट निघतो. मत्स्यपालनाचे बहुतेक सल्ले थंड मुलखात जन्मलेले, त्यामुळे त्यांत सुरुवातच हीटरपासून होते. आपल्याकडे सगळं उलटं धरायचं. टाकी कुठल्या भिंतीला लावायची, झाकण कसलं, वनस्पती कोणती, मासे कोणत्या महिन्यात आणायचे, हे सगळं नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, डोळ्यांपुढे ठेवून ठरवायचं.

मासा कोणता

रेनबो मूळचे न्यू गिनी बेटावरचे आणि ऑस्ट्रेलियातले. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाठीवर एकामागे एक असे दोन पर. दुकानात रेनबो म्हणून बरेचदा बोसमनी दाखवतात, पुढून निळा आणि मागून केशरी. देखणा आहे, पण चार इंचांपर्यंत वाढतो आणि त्याला चार-पाच फुटांची टाकी लागते. आपण बोलतोय ते त्याच्या लहान भावंडांबद्दल.

पहिला निऑन किंवा ड्वार्फ रेनबो, शास्त्रीय नाव मेलानोटेनिया प्रीकॉक्स. हा न्यू गिनीच्या उत्तरेकडच्या माम्बेरामो नदीच्या खोऱ्यातला. १९२२ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली, पण शौकिनांच्या टाक्यांत तो पोचला १९९०च्या सुमारास. दोन-अडीच इंच लांबी, अंगावर निळी चकाकी. नराचे पर लालभडक, मादीचे पिवळट-केशरी. नवशिक्यानं यानंच सुरुवात करावी.

दुसरा फोर्कटेल, म्हणजे स्यूडोमुगिल फर्केटस. पापुआ न्यू गिनीच्या पूर्व भागातला हा मासा दोन इंचांचा, पिवळ्या किनारीचे पर आणि डोळ्याभोवती निळं कडं. छातीचे पर तो खांद्यावर घेतल्यासारखे वर धरतो. त्याला जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी चालतं, उलट आवडतं. बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून बरा मासा नाही. एकच दुःख, आयुष्य दोनेक वर्षांचं.

तिसरा थ्रेडफिन. याच्या परांना दोऱ्यासारखे लांब धागे असतात आणि तोंड सुईच्या नेढ्याएवढं. प्रीकॉक्ससोबत ठेवला तर उपाशी राहतो, कारण प्रीकॉक्स म्हणजे पंगतीत पहिल्या पानावर बसणारा गडी. चौथा गर्ट्रूडी, जेमतेम इंचभर, ठिपकेदार. या शेवटच्या दोघांना मऊ पाणी लागतं. आरओचं किंवा पावसाचं पाणी साठवायची सोय असेल तरच त्यांच्या वाटेला जा.

आधी पाणी तपासा

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पेनाएवढा आणि स्वस्त असतो. मासा घ्यायच्या आधी तो घ्या. आमच्या बोअरचा आकडा पावसाळ्यानंतर ५५०च्या आसपास असतो, एप्रिलमध्ये ८०० ओलांडतो. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. प्रीकॉक्स आणि फोर्कटेल ६००पर्यंत बिनतक्रार राहतात. त्यावर गेलं की निम्मं आरओचं किंवा पावसाचं पाणी मिसळायचं. ८०० आणि २० निम्मं-निम्मं केलं की ४१० होतात, एवढा साधा हिशेब आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातल्या लोकांनी मात्र हा नियम लावू नये. अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या त्या गावांत टीडीएस वाढतो तो मिठामुळे, चुन्यामुळे नव्हे. तिथे गावातल्या आरओ केंद्राच्या कॅन किंवा साठवलेलं पाऊसपाणी हाच आधार, आणि त्यात थोडं बोअरचं पाणी चवीपुरतं. निव्वळ आरओवर मासे ठेवायचे नाहीत, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

ग्रामपंचायतीचं नळाचं पाणी वापरत असाल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लक्षात ठेवा. पावसाळ्यात साथीच्या भीतीनं कधीकधी ती सढळ हातानं पडते. बादलीत नाकाला वास आला तर ते पाणी तसंच टाकीत घालू नका. उघड्या टपात हवेच्या पंपाला जोडलेला बुडबुड्यांचा दगड लावून २४ तास ठेवा, क्लोरिन उडून जातो.

टाकी आणि तिची जागा

प्रीकॉक्स दिवसभर पळतो, म्हणून त्याला लांबी हवी. ३६ × १५ × १५ इंचांची टाकी घ्या, काच ८ मिलिमीटरची. रेती धरून तीत ११० लिटरच्या आसपास पाणी बसतं. नुसते फोर्कटेल किंवा गर्ट्रूडी ठेवायचे असतील तर दोन फुटी टाकी पुरते. त्याहून लहान नको. लहान टाकी स्वस्त पडते, पण उन्हात पातेल्यासारखी तापते.

तीन फुटी टाकी भरली की पाणी, रेती आणि काच मिळून वजन पावणेदोन क्विंटलवर जातं. लोखंडी स्टँड करून घ्या आणि जमीन मातीची असेल तर चारही पायांखाली फरशीचे तुकडे द्या, नाहीतर एक पाय खचून काच तडकते. टाकीखाली थर्माकोलची शीट हवीच.

जागा निवडताना दुपारी तीन वाजता घरभर हिंडा आणि भिंतींना हात लावून बघा. पश्चिमेची भिंत चटका देते, तिच्याजवळ टाकी नको. टिनाखाली तर नकोच. जुन्या घरातली मातीच्या जाड भिंतींची खोली असेल तर तुम्ही नशीबवान आहात. माझी टाकी उत्तरेच्या भिंतीला आहे. कूलरचा झोत तिच्यावरून जातो, पण थेट ऊन कधीच पडत नाही.

आता दुकानात टाकी का नाही ते सांगतो. कीटकनाशकांतला पायरेथ्रॉइड हा गट माशांना अतिशय विषारी असतो. फवारणीच्या दिवसांत हाताला, कपड्याला लागलेला अंशसुद्धा टाकीत पोचला तर मासे तडफडून मरतात. शेतातून आलात तर साबणानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. घरातल्या मच्छर अगरबत्तीत आणि प्लगच्या लिक्विडमध्येही याच कुळातलं औषध असतं, आणि हवेचा पंप तर खोलीतली हवा ओढून पाण्यातच सोडतो. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी लावा, लिक्विड नको.

रेती

माझी पहिली टाकी मी काळ्या मातीवर लावली होती. कपाशी एवढी येते तर पाण्यातली रोपं का येणार नाहीत, असा माझा हिशेब. काळी माती पाण्यात फुगते आणि तिचे कण इतके बारीक असतात की एक रोप उपटलं की दोन दिवस टाकीत चहा. तिसऱ्या आठवड्यात खालून बुडबुडे यायला लागले, काडी घालून बघितली तर सडक्या अंड्याचा वास. शेतातल्या मातीत फवारणीचे अवशेष असतात ते वेगळंच. ती सगळी टाकी उपसून परसात ओतावी लागली.

नदीची जाडसर रेती घ्या, बांधकामाच्या दोन चाळण्यांतून काढलेली, ज्वारीच्या दाण्याहून थोडी बारीक. घमेल्यात घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवा. पंधरा-वीस वेळा धुवावं लागतं, कंटाळू नका. मग मूठभर रेतीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर तीत चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा आहे आणि ती पाणी आणखी जड करेल. थर पुढे दोन इंच, मागे तीन इंच. काळसर रेती मिळाली तर उत्तम, फिकट तळावर रेनबोचा रंग उतरतो. मागच्या काचेला बाहेरून काळा कार्डशीट चिकटवा. रंगासाठी याहून स्वस्त औषध नाही.

वनस्पती, आणि माझ्या धंद्यातली एक गोष्ट

रोपं मागे आणि बाजूंना दाट लावायची, मधला आणि पुढचा भाग पळायला मोकळा ठेवायचा. जड पाण्यात सुखानं वाढणारी रोपं म्हणजे वॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, हायग्रोफिला आणि क्रिप्टोकोरीन वेंडटी. यातलं वॅलिस्नेरिया तर पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांची गरज पडत नाही. जावा फर्न आणि अनुबियास रेतीत पुरू नका. त्यांचं खोड दगडाला दोऱ्यानं बांधा, पुरलं की सडतं. पृष्ठभागाचा एक तृतीयांश भाग तरंगत्या रोपांनी झाका, उन्हाळ्यात सावली होते.

भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांतून किंवा जवळच्या तळ्यातून हायड्रिला फुकट मिळते. आणायला हरकत नाही, पण कपाशीच्या शेतांतून वाहत आलेल्या नाल्यातली नको. तळ्यातून आणलेलं प्रत्येक रोप आधी विहिरीत टाकतात त्या लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेट) फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुवा, आणि मग तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. मी एकदा ही बादली टाळली. चतुराची अळी हायड्रिलाच्या देठाला देठासारखीच चिकटून बसलेली असते. खालचा जबडा घडी घालून तोंडावर मुखवट्यासारखा धरते आणि मासा जवळ आला की तो झटक्यात पुढे फेकते. बारा दिवसांत माझे पाच गर्ट्रूडी गायब झाले आणि मी घरातल्या मांजरीवर आळ घेत होतो.

खत. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात छोट्या बाटलीत जे विकतात, त्यातलं बरंचसं ठिबकच्या विद्राव्य खतांत तुमच्या घरीच पडलेलं असतं. १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०-५२-३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. एका बाटलीत १ लिटर आरओच्या पाण्यात १३-०-४५ चे १०० ग्रॅम विरघळवा. दुसऱ्या बाटलीत ०-५२-३४ चे १० ग्रॅम. तीन फुटी टाकीला आठवड्यातून एकदा पहिल्यातलं १० मिलि आणि दुसऱ्यातलं १० मिलि. यानं नायट्रेट साधारण ६ मिलिग्रॅम प्रति लिटरनं वाढतं, मासे आणि झाडं दोघांनाही सोसेल एवढं. बाटल्यांवर नाव लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

१९-१९-१९, १२-६१-० आणि युरिया मात्र टाकीजवळसुद्धा फिरकू देऊ नका. त्यांत अमोनियाच्या रूपातला किंवा अमोनिया होणारा नत्र असतो, मासे मरतील. फवारणीचं मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यही नको, त्यात जस्त आणि तांबं पिकाच्या हिशेबानं असतं. नवी पानं पिवळी पडली तर फक्त लोह द्या, डीटीपीए चिलेट असलेलं, आठवड्याला दशांश ग्रॅम. ईडीटीएचं लोह आपल्या क्षारांच्या पाण्यात टिकत नाही.

दिवा २० वॉटची पांढरी एलईडी पट्टी, रोज सात तास. दहा-बारा तास लावाल तर शेवाळ पोसाल.

टाकीला विरजण लावणं

पोळा झाला की टाकी भरून रोपं लावून टाका. मासे लगेच आणायचे नाहीत, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. युरियाचं ओलं पोतं उघडल्यावर नाकात शिरतो तोच. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विष, तिसरं झाडांचं अन्न. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या पाण्याचा पीएच आठच्या आसपास असतो आणि पीएच जितका वर, तितका तोच अमोनिया जास्त जहरी. त्यामुळे मऊ पाणीवाल्यांना खपून जाते ती घाई आपल्याला खपत नाही.

ओळखीच्या कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर तिचा स्पंज आणून आपल्या टाकीत पिळा. विरजण लागतं, दिवस निम्म्यावर येतात. नसेल तर रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टाकीत टाकत राहा आणि तपासणीच्या थेंबांच्या किटनं अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा. फिल्टर म्हणून हवेच्या पंपावर चालणारे दोन स्पंज फिल्टर पुरेसे आहेत. एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो. दर पंधरा दिवसांनी एकच स्पंज धुवायचा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरला तर विरजण वाहून जातं.

मासे आणणं

दसरा ते दिवाळी हा काळ घ्या. हवा थंडावलेली असते, प्रवासात मासे उकडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे मे महिन्यापर्यंत त्यांना सहा-सात महिने मिळतात. अंगात जोम धरलेला मासा उन्हाळा काढतो. मार्चमध्ये घेतलेला बहुधा नाही.

रेनबो नागपूर-अमरावतीच्या दुकानांत मिळतात, पण आधी फोन करून सांगून ठेवावं लागतं. तिथे ते कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीट, चेन्नईच्या कोळथूर किंवा मुंबईच्या कुर्ल्याकडून येतात. म्हणजे मासा आधीच लांबचा प्रवास करून थकलेला असतो. आल्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर दुकानात टिकलेले घ्या.

दुकानात ते फिकट दिसतील. राखाडी, निळसर झाक असलेले. त्यानं हिरमुसू नका, लहान रेनबो तसेच असतात, रंग घरी चार-सहा महिन्यांत चढतो. बघायचं ते वेगळंच. दुकानदाराला खाद्य टाकायला सांगा, धावून आले पाहिजेत. पोट आत गेलेलं नको, पर मिटलेले नकोत, तोंडावर पांढरा कापूस नको, कणा वाकडा नको. प्रीकॉक्स आठ घ्या, तीन नर आणि पाच माद्या. लहानपणी ओळखता येत नसेल तर दहा घ्या. नर-मादी दोघं असले की सकाळी दिवा लागल्यावर नर एकमेकांसमोर पर ताठ करून गोल गोल फिरतात. लढाई नव्हे, मिरवणं. या मिरवण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. एसटीनं येत असाल तर खोकं मांडीवर घ्या, इंजिनाजवळच्या जागेवर नको. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवा. प्रवास तीन-चार तासांचा असेल तर तासाभरात थोडं थोडं करून टाकीचं पाणी पिशवीत मिसळा. पण मासे दुरून, बारा-चौदा तास बंद पिशवीत आले असतील तर असं करू नका. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया जहर बनतो. अशा वेळी आधीच एका टपात आरओ मिसळून दुकानाच्या पाण्याएवढ्या टीडीएसचं पाणी तयार ठेवा, तापमान जुळवा आणि मासे जाळीनं थेट त्यात सोडा. त्याच टपात पंधरा दिवस वेगळे ठेवून रोज थोडं टाकीचं पाणी मिसळत न्या. पिशवीचं पाणी टाकीत ओतायचं नाही.

खाणं

रेनबोचं तोंड दिसतं त्याहून अरुंद असतं. फ्लेक, म्हणजे पापुद्र्यांचं कोरडं खाद्य, बोटांनी चुरून, रव्याएवढं बारीक करून द्या, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास, मंगळवार धरा की शनिवार.

रंग चढवायला जिवंत खाणं लागतं आणि ते आपल्याकडे फुकट आहे. परसातल्या टपात साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. त्या चहाच्या गाळणीनं रोज गाळायच्या, धुवायच्या आणि द्यायच्या. रोज म्हणजे रोजच. दोन दिवस विसरलात तर डेंग्यूचे डास तुम्हीच पोसले. आरोग्य कर्मचाऱ्यांनी औषध टाकलेल्या पाण्यातल्या अळ्या घेऊ नका.

हिवाळा, आणि अंडी

डिसेंबरात रात्री पाणी १८-१९ अंशांवर उतरतं. १०० वॉटचा हीटर २५ वर लावून ठेवा. तापमान रोज खाली-वर झालं की अंगावर पांढरे ठिपके येतात. आलेच तर दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांवर न्या, हवा वाढवा आणि दहा दिवस तसंच ठेवा.

हेच दिवस अंड्यांचे. हिरव्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचे वीतभर लांबीचे पन्नास-साठ धागे एका टोकाला बांधा आणि थर्माकोलच्या तुकड्याला लटकवून टाकीत सोडा. माद्या सकाळच्या वेळी त्यात रोज थोडी थोडी अंडी चिकटवतात. अंडी मोहरीच्या दाण्याहून लहान, पारदर्शक, आणि प्रत्येकाला एक चिवट धागा. बोटानं दाबली तरी सहसा फुटत नाहीत. लोकर चार-पाच दिवसांनी उचलून वेगळ्या टपात ठेवा. २६ अंशांना प्रीकॉक्सची पिलं सात ते दहा दिवसांत निघतात, फोर्कटेलची दोन-तीन आठवडे घेतात. पिलं पापणीच्या केसाएवढी असतात आणि पृष्ठभागालगतच राहतात. पहिला आठवडा त्यांना केळीच्या सालीच्या पाण्यात वाढवलेले सूक्ष्मजीव, मग आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची नुकती निघालेली पिलं.

पिलं जास्त झाली तर ओळखीत वाटा. विहिरीत, शेततळ्यात, गावतलावात सोडू नका, एकसुद्धा. कुणीतरी घरची टाकी रिकामी केली आणि सकर मासा उजनीच्या जाळ्यांत आला, तो आता जाण्याचं नाव घेत नाही.

मार्च ते मृग

आता मुख्य गोष्ट. रेनबोला २४ ते २८ अंश बरे, ३० चालतात, ३२च्या पुढे धोका. उष्णतेपेक्षा घात होतो तो ऑक्सिजन कमी पडल्यानं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३३ अंशांना सात-सव्वासात. तेवढ्यातच माशाचा श्वास वाढलेला, जिवाणूंची भूक वाढलेली. पहाटे, दिवे लागण्याआधी, मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर हेच कारण. रात्री झाडंही ऑक्सिजन घेत असतात.

उपाय रांजणाचा. रांजण गार होतो तो पाणी उडतं म्हणून, आणि आपलं ऊन कोरडं असल्यानं पाणी झपाट्यानं उडतं. टाकीच्या एका टोकाला १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे असे लावा की झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपा जाईल. खोली ३७ अंशांवर असताना माझं पाणी २९-३० वर राहतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हाच पंखा निम्मंही काम करत नाही.

त्यासाठी काचेचं झाकण काढावं लागतं आणि रेनबो उड्या मारतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट करून तिच्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा. वारा आत जातो, मासा बाहेर येत नाही.

पंखा लावला की मे महिन्यात रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. त्याची भरपाई बोअरच्या पाण्यानं केलीत तर महिन्याभरात टीडीएस हजारापार जातो आणि मासे कारण न कळता सुकत जातात. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं किंवा पावसाचं पाणीच घाला. आठवड्याचं २५ टक्के पाणी बदलायचं असतं ते बोअरच्या नेहमीच्या मिश्रणानं. उन्हाळ्यात ते आठवड्यात दोनदा विभागून करा, आणि पहाटेच.

पहाटेच का, तर एका मे महिन्यात दुपारी अडीचला मला टाकीतली पातळी खाली गेलेली दिसली. घाईत नळ सोडून बादली भरली आणि ओतली. पाणी येत होतं गच्चीवरच्या काळ्या टाकीतून. बादलीच्या कडीला हात लागला तेव्हा चटका बसला, पण तोवर अर्धी बादली आत गेली होती. मासे एका कोपऱ्यात गोळा झाले, दोन आडवे तरंगले. संध्याकाळपर्यंत चार प्रीकॉक्स गेले, त्यात सगळ्यात लाल परांचा नर. तेव्हापासून टाकीजवळ माठात आदल्या रात्रीचं पाणी भरून ठेवलेलं असतं, आणि हात घातल्याशिवाय ओतत नाही.

बर्फ थेट टाकू नका. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली तरंगवली तर अंश-दीड अंश उतरतो, फार झालं तर दिवसातून दोनदा. खाद्य निम्म्यावर आणा, दिवा पाच तासांवर.

भारनियमन धरूनच चला. फवारणीच्या बॅटरी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी घरी असतेच. पंप नको, त्याला औषध लागलेलं असतं. नुसती बॅटरी काढा, पुसून घ्या आणि तिच्यावर ५ वॉटचा डीसी हवेचा पंप लावा. रात्र निघते. वीज सात-आठ तास नव्हती आणि हवाही बंद होती, तर वीज आल्यावर स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळूनच फिल्टर चालू करा. आत मेलेल्या जिवाणूंची घाण साचलेली असते.

वीजबिलाची भीती घालणारे भेटतील. दिवा, हवेचा पंप आणि पंखे मिळून दिवसाला अर्ध्या युनिटच्या आतबाहेर जातं, महिन्याला पंधराएक युनिट.

सगळ्यात वाईट दिवस नवतप्याचे नाहीत. नवतपा कोरडा असतो, पंखा काम करतो. वाईट असतात ते मृगाच्या आगेमागे, आभाळ भरून येतं, पारा चाळीसवर आणि हवा ओली. तेव्हा पाणी उडत नाही, पंखे फिरतात पण तापमान उतरत नाही. त्या आठ-दहा दिवसांत हवेचा दुसरा पंप लावा, खाद्य एक दिवसाआड द्या, रोज पहाटे टाकीतलं दहा लिटर पाणी काढून माठातलं घाला आणि दुपारी टाकीच्या तीन बाजूंना ओलं गोणपाट गुंडाळा.

मग पाऊस येतो. पहिल्या दोन सरींनी पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण धुऊन जाऊ द्या, तिसऱ्या सरीला पन्हाळीखाली ड्रम लावा. औषधाचा रिकामा ड्रम नको, नवा घ्या. तोंडाला कापड बांधा. दोनशे लिटरचे दोन ड्रम भरले की पुढच्या उन्हाळ्याच्या भरपाईची सोय झाली.